मोबाइलसाठी मराठी टीटीएस इंजिन बांधायचं तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोंढ्यातले भाव, हवामानाचा सल्ला आणि सातबारा मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप तुम्हाला लातूर-नांदेडच्या आसपासच्या गावांसाठी करायचंय. नेट नसलं तरी ते चाललं पाहिजे आणि सात-आठ हजारांच्या फोनवरही चाललं पाहिजे. दृष्टिहीन मुलांना तोच आवाज टॉकबॅकसोबत, म्हणजे अँड्रॉइडवर पडद्यावरचं वाचून सांगणाऱ्या सोयीसोबत, वापरता आला पाहिजे, पुढंमागं आयफोनवरही जायचंय. एवढं सांगून तुम्ही विचारलंय की आवाज तयार करणारं मॉडेल कोणतं घ्यावं.

मॉडेलवर येतो, पण क्रम उलटा लावून. टीटीएस इंजिनाचे, म्हणजे लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या यंत्रणेचे, दोन भाग असतात. लिहिलेलं कसं उच्चारायचं हे एक भाग ठरवतो आणि त्या उच्चाराचा आवाज दुसरा भाग करतो. दुसऱ्या भागावर जगभर ढीगभर काम झालंय आणि त्यातलं बरंचसं फुकट मिळतं. पहिला भाग, त्यातही मोंढ्याच्या आणि तलाठ्याच्या मराठीसाठी, तुम्हालाच घडवावा लागणार आहे. तुमच्या वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ तिथंच जाईल आणि तो जायलाच हवा.

म्हणून आधी ईस्पीक एनजी हे तयार टीटीएस इंजिन फोनवर टाका. त्यात मराठी आहे, आकार काही एमबीचा आहे. आवाज यंत्रासारखा येतो, कारण त्यात माणसाचं रेकॉर्डिंग नसतं, सूत्रांवरून ध्वनी तयार केलेला असतो. आवाजाकडे दुर्लक्ष करा. तुमचा खरा मजकूर त्याला वाचायला द्या आणि चुका लिहून काढा. ती यादी म्हणजेच तुमच्या प्रकल्पाचा आराखडा.

बाजार समितीच्या पत्रकातली एक ओळ घेऊ: ‘सोयाबीन – आवक ३५० क्विं., किमान ४२००, कमाल ४५५०, सर्वसाधारण ४४००’. कुठलंही साधं इंजिन याचं ‘तीनशे पन्नास क्विं’ करून टिंबापाशी वाक्य संपवतं आणि पुढं ‘चार हजार दोनशे’ म्हणतं. चूक नाही, पण आडतीवर असं कोण बोलतं? तिथं ‘साडेतीनशे क्विंटल’, ‘बेचाळीसशे’, ‘साडेपंचेचाळीसशे’, ‘चव्वेचाळीसशे’ असं कानावर पडतं. शेतकऱ्याला भाव एका दमात कळायला हवा असेल तर इंजिनानंही तसंच बोलावं. सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे यांचे नियम लिहायला अर्धा दिवस पुरतो. ते कुठं लावायचे आणि कुठं नाही, हे ठरवायला जास्त वेळ लागतो. भावात लावा, वेळेत लावा (४:३० म्हणजे साडेचार). बँकेच्या शिलकीत मात्र लावू नका, तिथं माणसाला आकडा पुरा ऐकायचा असतो. मोबाइल नंबर, आधार क्रमांक, ओटीपी एकेक अंक सुटा वाचायचा, मध्ये श्वासाएवढी जागा सोडून.

शून्य ते नव्व्याण्णवसाठी नियम शोधत बसू नका. सरळ शंभर नोंदींचा तक्ता करा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीटीएस करणाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला असता!

सातबाऱ्यावर खरी कसोटी लागते. क्षेत्र ‘१.२०.००’ असं छापलेलं असतं. ते ‘एक पॉइंट वीस पॉइंट शून्य शून्य’ नव्हे, ‘एक हेक्टर वीस आर’ आहे. ‘०.८१.००’ म्हणजे एक्क्याऐंशी आर, गावच्या भाषेत दोन एकर. ‘७/१२’ तर तीन प्रकारे वाचता येतं. ‘७/१२ चा उतारा’ म्हटलं की सातबारा, ‘दि. ७/१२ रोजी’ म्हटलं की सात डिसेंबर आणि गट क्रमांकाच्या रकान्यात आलं की ‘सात बाय बारा’. नुसत्या आकड्यावरून यातला फरक कळत नाही, आजूबाजूचे दोन-दोन शब्द बघावे लागतात. ‘ता.’चं तसंच आहे. ‘ता. औसा, जि. लातूर’ इथं तालुका, ‘ता. ५ रोजी’ इथं तारीख. ‘मु.पो.’, ‘रा.’, ‘क्विं.’, ‘मि.मी.’ अशी सगळी संक्षेपांची यादी करा आणि यांच्या टिंबावर वाक्य तोडायचं नाही हे आधीच ठरवून टाका.

आकड्याला चिकटलेले प्रत्यय बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. ‘२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं’ यातलं ‘२०१६ला’ ‘दोन हजार सोळाला’ व्हायला हवं. ‘१००त’ असेल तर ‘शंभरात’, म्हणजे शब्द नुसता जोडून चालत नाही, त्याचं रूपही बदलतं. आणि ‘१९७२चा दुष्काळ’ला ‘एकोणीसशे बहात्तरचा’ म्हणायचं, ‘एक हजार नऊशे बहात्तर’ नाही.

याआधी मजकुराची सफाई करावी लागते, ते थोडक्यात सांगतो. ‘ऱ्य’ दोन तऱ्हेनं टंकलेला सापडतो, एकदा ऱ वापरून आणि एकदा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. ‘ॲ’चंही तेच: एक स्वतंत्र अक्षर, दुसरं अ वर चंद्र. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. एकाच रूपात आणा, नाहीतर शब्दकोशातला शब्द असूनही सापडणार नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव या फाँटांमधल्या जुन्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्या तशाच दिल्यात तर इंजिन इंग्रजी अक्षरांची बाराखडी म्हणत बसेल.

आता उच्चार. इथं हिंदीसाठी केलेली साधनं मराठीला लावायचा मोह होतो, लिपी एकच म्हणून. तो आवरा. ‘ज्ञ’ला आपण ‘द्न्य’ म्हणतो. ‘चंद्र’, ‘यंत्र’ यांच्या शेवटचा अ आपण पुसट का होईना ठेवतो. ‘केलं’, ‘घरं’ यांच्यावरचा अनुस्वार नाकातला नसतोच, तो शेवटचा अ लांबवायची खूण असते. ‘घर’ आणि ‘घरं’ यांत फरक ऐकू आला नाही तर ‘घरं पडली’ ही अतिवृष्टीची बातमी एकाच घराची होऊन बसते. ‘संशय’, ‘हंस’, ‘संवाद’ यांतल्या अनुस्वाराचा तर चक्क व-सारखा ध्वनी होतो.

न उच्चारला जाणारा अ ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. प्रचलित नियम साधारण असा आहे: शब्दाच्या शेवटाकडून मागं या आणि ज्या अ-च्या मागंही ‘स्वर-व्यंजन’ आहे आणि पुढंही ‘व्यंजन-स्वर’ आहे तो गाळा. ‘सरकार’चं ‘सर्कार’ झालं, बरोबर. ‘तुळजापूर’चं ‘तुळ्जापूर’, ‘कळमनुरी’चं ‘कळम्नुरी’, तेही बरोबर. मग येतं ‘परभणी’. नियम शेवटाकडून येतो, भ चा अ गाळतो आणि इंजिन म्हणतं ‘परभ्णी’. आपण म्हणतो ‘पर्भणी’. ‘शेतकरी’चं ‘शेतक्री’ होतं. तुमच्या ॲपमध्ये दर दुसऱ्या वाक्यात येणारा शब्द आणि तोच चुकतोय!

यावर आणखी हुशार नियम शोधण्यात महिने घालवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. आधी प्रत्यय वेगळे करा (-ला, -नं, -च्या, -साठी, -मध्ये), मग जोडशब्दांची यादी वापरा (शेत-, -करी, -वाडी, -गाव, -खेड, -पूर) आणि उरलेल्यांसाठी हातानं केलेला उच्चारकोश ठेवा. तुमच्या मजकुरात सर्वांत जास्त येणारे आठ-दहा हजार शब्द घेतले तरी वाचनाचा बहुतेक भाग त्यात येतो. गावांची नावं मात्र सगळी घ्या, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची. ती नियमानं सुटत नाहीत आणि स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं ऐकलं की माणूस ॲप काढून टाकतो.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार हे दुसरं प्रकरण. ‘चार जनावरांना चारा’ म्हणून बघा: ‘चार’मधला च चंद्रातला, ‘चारा’मधला चमच्यातला. थोडे नियम लागू पडतात. पुढं इ, ई किंवा य असेल तर बहुतेक चंद्रातला. प्रत्ययात ‘-चा’ आणि ‘-चं’ चमच्यातले, ‘-ची’, ‘-चे’, ‘-च्या’ चंद्रातले. ‘जल’, ‘जन’, ‘भोजन’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द एका बाजूला आणि ‘जमीन’, ‘बाजार’, ‘हजार’, ‘अर्ज’, ‘कर्ज’ हे फारसीकडून आलेले दुसऱ्या बाजूला. आपला मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि बाजाराची भाषा त्या वळणाची आहे, म्हणून इथं दुसरा गट पुण्या-मुंबईच्या मजकुरापेक्षा जास्त भेटतो. ई-चा नियमही इथं फसतो. ‘अजीज’मध्ये ज पुढं ई आहे, तरी उच्चार ‘जमीन’मधल्या ज कडे झुकतो. नावांसाठी वेगळी यादी लागतेच. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जगत राहा, हे संदर्भावर सोडा. भावपत्रकात दुसरा अर्थ यायची शक्यता कमी.

तुम्ही विचाराल की आजची मॉडेलं सरळ अक्षरांवरूनच शिकतात, मग एवढा खटाटोप कशाला? शिकतात, बऱ्यापैकी शिकतात. पण एखादा शब्द चुकला तर तो तेवढाच दुरुस्त करता येत नाही, नवा विदा (डेटा) घालून पुन्हा शिकवावं लागतं. उच्चारकोश असेल तर औशाच्या वापरकर्त्यानं दुपारी कळवलेली चूक संध्याकाळी सुटते, तीही काही केबीच्या फाइलनं. फोनवर चालणाऱ्या इंजिनात माझ्या लेखी हाच मुद्दा निर्णायक आहे.

आता मॉडेल. उपलब्ध गोष्टींमध्ये फ्लाइट आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं हे लहानसं इंजिन, त्यात मराठी आवाजही आहेत. अगदी जुन्या फोनसाठी पर्याय म्हणून ठेवा. त्यावरची पिढी म्हणजे न्यूरल, म्हणजे रेकॉर्डिंगवरून स्वतः शिकणारी, मॉडेलं. २०२१चं विट्स मजकुरापासून थेट ध्वनी काढतं. दुसरी वाट दोन टप्प्यांची आहे: फास्टस्पीच २सारखं मॉडेल आवाजाचा आराखडा काढतं आणि हायफाय-गॅनसारखा व्होकोडर त्याचा ध्वनी करतो. हायफाय-गॅनची मोठी आवृत्ती सुमारे १.४ कोटी पॅरामीटरची (शिकताना ठरलेल्या आकड्यांची) आहे, दुसरी आवृत्ती नऊ-सव्वानऊ लाखांची. स्वस्त फोनवर फरक पडतो तो इथं. मी विट्सपासून सुरुवात करीन. पायपर या साधनानं ते शिकवता येतं आणि शेर्पा-ओएनएनएक्स या सॉफ्टवेअरनं अँड्रॉइडवर चालवता येतं. मध्यम प्रतीच्या आवाजाची फाइल साठेक एमबीची होते. तुमच्या फोनवर दहा सेकंदांचा आवाज काढायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर दोन टप्प्यांच्या वाटेवर या आणि छोटा व्होकोडर घ्या.

आकार कमी करायला क्वांटायझेशन करतात: चार बाइटांचा आकडा एका बाइटात बसवायचा, फाइल पाव होते. मजकुराकडच्या थरांवर ते खुशाल करा. व्होकोडरवर केलंत तर शब्दांमागं बारीक खरखर ऐकू येऊ लागते, हेडफोन लावला की जास्तच. तो भाग सोळा बिटांवर, म्हणजे दोन बाइटांवर, ठेवा.

आवाज शिकवायला ओपनएसएलआर या रेकॉर्डिंगच्या खुल्या संग्रहात क्रमांक ६४चा मराठी संच आहे, अनेक स्त्री-आवाजांचा. त्यावर पाया घाला आणि मग एकाच माणसाच्या दोन-तीन तासांच्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर बारीक सुधारणा करा. निवेदक शोधू नका. निवेदकाच्या आवाजात बातमी छान वाटते, तोच आवाज दिवसभर भाव सांगायला लागला की कान विटतात. चार तास एकाच पट्टीत वाचू शकणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिका या कामाला उत्तम. वाक्यं त्यांना तुमच्या विषयातली द्या, आकडे आणि गावांची नावं भरपूर घालून, प्रश्नार्थक वाक्यंही विसरू नका. बोली म्हणाल तर मजकूर प्रमाण मराठीतच राहू द्या, ‘करायलाव’ वगैरे इंजिनाच्या तोंडी मुद्दाम घालू नका. हेल मात्र इकडचा असावा आणि तो वाचणाऱ्या माणसाबरोबर आपोआप येतो.

रेकॉर्डिंग उन्हाळ्यात ठेवू नका. पंखा-कूलर बंद करून मे महिन्यात कोणी वाचू शकत नाही आणि चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. पावसाळ्यात पत्रे वाजतात. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ बरा. जाड भिंतींची खोली, भिंतीला गोधड्या, लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर लावला आणि घराचं अर्थिंग नीट नसलं की ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या फायलींत उतरते. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करा आणि शिकवताना २२.०५वर आणा.

यानंतर फोन. इंजिन नुसतं तुमच्या ॲपच्या पोटात ठेवलंत तर टॉकबॅकला त्याचा उपयोग नाही. ते अँड्रॉइडची टेक्स्ट-टू-स्पीच सर्व्हिस म्हणून नोंदवा, अँड्रॉइड ४.०पासून ही सोय आहे. भाषा विचारताना यंत्रणा ‘एम-ए-आर’ हा तीन अक्षरी कोड देते. तुम्ही फक्त ‘एम-आर’ तपासत असाल तर इंजिन ‘ही भाषा नाही’ म्हणून मोकळं होतं आणि तुम्ही दोन दिवस मॉडेलमध्ये दोष शोधत बसता.

वेगाचं गणित असं. आवाज दुप्पट वेगानं तयार होतो असं धरा. दहा सेकंदांचं वाक्य एकदम बनवायला घेतलंत तर पहिला शब्द पाच सेकंदांनी येईल. तेवढ्यात आजीबाई फोन बाजूला ठेवतील. म्हणून वाक्य तोडा: पहिला तुकडा तीन-चार शब्दांचा, पुढचे मोठे. स्वल्पविराम, ‘आणि’, ‘परंतु’, ‘तसेच’ इथं तोडलं तर ऐकताना खटकत नाही. शासन निर्णयांतल्या अर्ध्या पानाच्या वाक्यांना तर दुसरा इलाजच नाही.

दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी सुरू होण्याइतकंच थांबणं महत्त्वाचं. तो बोट सरकवत जातो तेव्हा प्रत्येक सरकण्यावर आधीचं बोलणं त्याच क्षणी तुटलं पाहिजे. थांबण्याची सूचना दुसऱ्या थ्रेडवरून, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाकडून, येते. चालू गणित मध्येच सोडणं अवघड, म्हणून तुकडे लहान आणि दर तुकड्यानंतर तपासणी. ही मुलं दुप्पट-तिप्पट वेगानं ऐकतात. मॉडेलला वेग वाढवायला सांगितला तर एका मर्यादेनंतर ते अक्षरं खातं, पुढचा वेग सॉनिकसारख्या लायब्ररीनं (तयार कोडनं) वाढवा. कीबोर्डवरची सुटी अक्षरं न्यूरल मॉडेलला नीट म्हणता येत नाहीत, कारण ते वाक्यांवर शिकलेलं असतं. ‘क’, ‘ख’, ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’ हे सगळं त्याच शिक्षिकांकडून वेगळं रेकॉर्ड करून ठेवा.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. फोन बंद करून चालू केला की पिन टाकेपर्यंत साठवण कुलूपबंद असते. तुमची आवाजाची फाइल त्या कुलपाआड राहिली तर दृष्टिहीन मुलाला पिनच्या पडद्यावर शुकशुकाट मिळतो आणि तो स्वतःचाच फोन उघडू शकत नाही. सर्व्हिस ‘डायरेक्ट बूट’ (पिन टाकण्याआधीची ही अवस्था) जाणणारी करा आणि निदान एक छोटा आवाज त्या वेळी वाचता येणाऱ्या साठवणीत ठेवा.

गणिताला दोन थ्रेड पुरेत. प्रोसेसरचे आठही कोर जुंपलेत तर फोन तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. बेचाळीस अंशांच्या दुपारी बांधावर तर लगेच. तुमची चाचणी एसीच्या लॅबमध्ये नको. ३२ बिटांची आवृत्तीही द्या, स्वस्त फोनांत ती अजून लागते.

परवान्यांकडे आत्ताच बघा. ईस्पीक एनजी जीपीएल ३ या खुल्या परवान्याखाली आहे. ते तुमच्या ॲपमध्ये जोडलंत तर ॲपचा स्रोतही खुला करावा लागतो, आणि पायपर उच्चारांसाठी त्याचाच आधार घेतं. स्वतःचा उच्चारकोश असण्याचा हा आणखी एक फायदा. ओपनएसएलआरचा तो संच श्रेय देऊन, त्याच अटींवर वापरता येतो. मेटाचं एमएमएस हे मॉडेल मराठी बोलतं, पण व्यापारी वापराला परवानगी नाही. शिक्षिकांशी लेखी करार करा: आवाज कुठं वापरणार, कुठं नाही, मोबदला किती. राजकीय प्रचारासाठी वापरणार नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत घाला. निवडणुका जवळ आल्या की मागणी येतेच.

राहिला आयफोन. आयओएस १६पासून बाहेरच्या इंजिनाचा आवाज व्हॉइसओव्हरला (आयफोनवरच्या टॉकबॅकसारख्या सोयीला) देता येतो, ऑडिओ युनिट एक्स्टेन्शन म्हणून. मॉडेल आणि उच्चारकोश तेच राहतात, बाकी बांधणी नव्यानं करावी लागते. तुमच्या लोकांत आयफोन किती, हे मोंढ्यात तासभर उभं राहून मोजा. माझा अंदाज आहे की अँड्रॉइडचं काम संपेपर्यंत तुम्हाला तिकडं वळायची गरज पडणार नाही.